कीट्रॅपचे १६ तास: त्यातले प्रोटोकॉलचे किती?

कीट्रॅपचा पेपर उघडलात की पहिल्याच परिच्छेदात दोन आकडे अंगावर येतात. एकच डीएनएस पॅकेट येतं आणि रिझॉल्व्हरच्या सीपीयूला २० लाख पट जास्त इन्स्ट्रक्शन चालवाव्या लागतात. आणि काही रिझॉल्व्हर त्यापायी १६ तासांपर्यंत अडकून पडतात. जोडीला एक वाक्य आहे, की डीएनएसवरचा आजवर सापडलेला हा सर्वांत वाईट हल्ला आहे असं मोठ्या डीएनएस कंपन्या म्हणतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये बातम्यांनी नेमक्या याच गोष्टी उचलल्या.

मीसुद्धा उचलल्या होत्या. आमच्या जर्नल क्लबमध्ये हा पेपर मांडताना पहिली स्लाइड या दोन आकड्यांचीच होती. मागे बसलेल्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "या १६ तासांतले प्रोटोकॉलचे किती आणि बाइंडचे किती?" मला सांगता आलं नाही. पेपर वाचला होता, पण आकडा वाचला नव्हता. त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना पेपरबद्दल माझं जे मत बनलं ते इथे लिहितेय. मत थोडक्यात असं: काम पहिल्या दर्जाचं आहे, पण त्याची खरी ताकद अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये नाही. ती पॅचच्या गोष्टीत आहे, आणि तिथपर्यंत फारसं कोणी पोचत नाही.

आधी पार्श्वभूमी, जेवढी लागेल तेवढीच. तुम्ही ब्राउझरमध्ये एखादं नाव टाकता तेव्हा त्याचा पत्ता शोधून आणणारा सर्व्हर म्हणजे रिझॉल्व्हर. बाइंड, अनबाउंड, पॉवरडीएनएस, नॉट ही त्यासाठीची नेहमीची सॉफ्टवेअर. मूळ डीएनएसमध्ये आलेलं उत्तर खरं की कोणी मध्येच बदललेलं, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून डीएनएससेक आलं. डोमेनचा मालक आपल्या नोंदींवर डिजिटल सही करतो, सही तपासायची सार्वजनिक चावी डीएनएसमध्येच ठेवतो, आणि रिझॉल्व्हर सही पडताळून मगच उत्तर पुढे देतो.

एका डोमेनला एकापेक्षा जास्त चाव्या असू शकतात. चावी बदलण्याच्या काळात जुनी आणि नवी दोन्ही ठेवाव्या लागतात. मग ही सही कुठल्या चावीने तपासायची? त्यासाठी सहीसोबत एक ‘की टॅग’ येतो, १६ बिटांचा. चावीच्या बाइटची बेरीज करून काढलेला साधा चेकसम, म्हणजे एकूण शक्यता ६५,५३६. हा काही चावीचा ओळखक्रमांक नाही. दोन वेगळ्या चाव्यांचा टॅग एकच निघू शकतो, आणि हे २००५ च्या आरएफसी ४०३४ मध्येच सांगून ठेवलंय. लॉजच्या काउंटरवर चाव्यांचा जुडगा आहे आणि तीन चाव्यांच्या बिल्ल्यांवर १०२ च लिहिलंय असं समजा. मॅनेजर काय करेल? तिन्ही लावून बघेल.

आरएफसी ४०३५ रिझॉल्व्हरला हेच करायला सांगते, आणि तेही मोठ्या अक्षरांतल्या ‘मस्ट’ने. टॅग जुळणाऱ्या चाव्या एकापेक्षा जास्त असतील तर सही जुळेपर्यंत किंवा चाव्या संपेपर्यंत प्रत्येक चावी लावून बघितलीच पाहिजे. सह्याही अनेक असू शकतात. तिथे २०१३ ची आरएफसी ६८४० म्हणते की एक जरी सही बरोबर निघाली तरी उत्तर स्वीकारा, सगळ्या चुकल्या तरच ते बोगस ठरवा. सुटं वाचलं तर दोन्ही नियम समंजस आहेत. एकत्र वाचलं तर चाव्या गुणिले सह्या.

हल्लेखोराला स्वतःचं एक डोमेन लागतं. त्यात एकाच टॅगच्या शेकडो चाव्या आणि शेकडो खोट्या सह्या ठेवायच्या, बस. एका डीएनएस संदेशाची कमाल लांबी ६५,५३५ बाइट. ३८४ बिटांच्या ईसीडीएसए पद्धतीत सार्वजनिक चावी ९६ बाइटची असते, वरचं वेष्टण धरून सुमारे ११२. म्हणजे एका संदेशात ५०० हून अधिक चाव्या आरामात बसतात. सह्या थोड्या जाड असतात, त्या ५०० च्या आसपास. ५०० गुणिले ५००, अडीच लाख पडताळण्या. लेखकांनी या प्रकाराला कीसिगट्रॅप म्हटलंय. फक्त सह्या वाढवल्या तर सिगजॅम आणि फक्त चाव्या वाढवल्या तर लॉकक्रॅम.

आता तो १६ तासांचा प्रश्न.

अशी एक पडताळणी साध्या मशीनवर साधारण एका मिलिसेकंदाच्या घरात होते असं धरूया. अडीच लाख पडताळण्या म्हणजे २५० सेकंद, चार मिनिटं आणि थोडे सेकंद. रिझॉल्व्हरचा एक धागा चार मिनिटं अडकणं ही गंभीर गोष्ट आहे, ती कमी लेखायची नाही. पण १६ तास म्हणजे ५७,६०० सेकंद. मधली २०० हून अधिक पट आली कुठून?

उत्तर पेपरमध्येच आहे, फक्त ते मूल्यमापनाच्या भागात, खूप आत. एक चावी फसल्यावर ‘पुढची चावी कुठली?’ हे बाइंडचा तेव्हाचा कोड लक्षात ठेवत नव्हता. तो यादीच्या सुरुवातीपासून सगळ्या चाव्या पुन्हा वाचत यायचा आणि न वापरलेली पहिली चावी मिळाली की थांबायचा. म्हणजे पहिल्या चावीसाठी एक वाचन, दुसरीसाठी दोन, पाचशेव्यासाठी पाचशे. एका सहीमागे सव्वा लाख वाचनं, आणि ५०० सह्यांसाठी सव्वासहा कोटी. एक चावी वाचून तिची वैधता तपासायला पुन्हा एक मिलिसेकंद धरा. ६२,५०० सेकंद होतात, सतराएक तास! हे माझं वहीच्या मागच्या पानावरचं गणित आहे, मोजमाप नव्हे. मिलिसेकंदाचा अंदाज निम्म्याने चुकू शकतो. पण घोडं कुठे पेंड खातंय ते दिसायला तेवढं पुरे आहे.

मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर असं: प्रोटोकॉलची काही मिनिटं, उरलेले तास बाइंडच्या एका गाफील लूपचे. इतर काही रिझॉल्व्हर याच हल्ल्यातून मिनिटांत बाहेर आले, ते यामुळेच.

माझा पहिला आक्षेप इथे आहे. पेपरचा मुख्य दावा ‘डीएनएससेकचं डिझाइन सदोष आहे’ हा आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये सर्वांत ठळक ठेवलेला आकडा मात्र एका सॉफ्टवेअरमधल्या वेगळ्या दोषाने फुगलेला आहे. लेखकांनी काही लपवलेलं नाही, कारण नीट सांगितलंय. पण दावा एका जागी आणि त्याची अट दहा पानं पलीकडे, असं झालं की वाचणारा दावाच घेऊन जातो. मी नेला होता. २० लाख पटींचंही असंच. ही तुलना साध्या, निरुपद्रवी प्रश्नाला लागणाऱ्या इन्स्ट्रक्शनशी आहे. भाजक छोटा असला की पट मोठी दिसणारच. पट सांगितली की कशाच्या पट हे त्याच ओळीत यायला हवं, आणि तुमच्या थिसिसमध्येही हेच विचारलं जाणार आहे. ‘एकच पॅकेट’ हा शब्दप्रयोगही सैल आहे. ६४ केबीचा डीएनएस संदेश इथरनेटवर एका पॅकेटमध्ये मावत नाही. तो टीसीपीवरून येतो आणि त्याचे ४० हून अधिक तुकडे होतात. ‘एकच संदेश’ म्हटलं असतं तरी दावा तितकाच जोरदार राहिला असता.

दुसरा मुद्दा नावीन्याचा, आणि तो मला जास्त छळतो. ‘हा दोष १९९९ पासून मानकात होता आणि २४ वर्षं कोणाच्या लक्षात आला नाही’ अशी गोष्ट सगळीकडे सांगितली गेली. आता मार्च २००५ ची आरएफसी ४०३३ काढा, म्हणजे डीएनएससेकची प्रस्तावनाच. तिच्या सुरक्षेच्या विभागात स्पष्ट लिहिलंय की डीएनएससेकमुळे एक नवीन प्रकारचा सेवा ठप्प पाडणारा हल्ला शक्य होतो. हल्लेखोर सह्यांच्या नोंदींत फेरफार करून किंवा विनाकारण गुंतागुंतीच्या सह्यांच्या साखळ्या रचून रिझॉल्व्हरची ताकद खाऊ शकतो. त्याच्याही मागे जा. १९८७ च्या आरएफसी १०३४ मध्ये रिझॉल्व्हर लिहिणाऱ्याला दिलेला अग्रक्रमाचा सल्ला हाच आहे, की एका विनंतीसाठी होणाऱ्या कामाला मर्यादा घाला, कोणी डेटा चुकीचा भरला असला तरी.

मग लेखकांनी नवीन काय केलं? पहिल्यांदा ही कलमं वाचली तेव्हा मीही थोडी चिडून ‘काही नाही’ म्हणाले होते. ते चुकीचं होतं. २००५ चं वाक्य धोका आहे एवढंच सांगतं. तो किती, कुठल्या नियमातून, किती बाइटांत, हे सांगत नाही. आणि त्याच दिवशी प्रसिद्ध झालेल्या शेजारच्या दस्तऐवजातला ‘मस्ट’ त्या इशाऱ्याच्या बरोबर उलट वागायला लावतो. इशारा वाचून कोणी कोड लिहीत नाही, ‘मस्ट’ वाचून लिहितात. या विसंगतीवर नेमकं बोट ठेवणं, तिचा प्रत्यक्ष संदेश बनवणं आणि सगळ्या प्रमुख रिझॉल्व्हरवर तो चालवून मोजणं हे संशोधनच आहे. ‘हे तर माहीत होतं’ म्हणून तुमचा विषय कोणी उडवून लावला तर विचारा, माहीत होतं की मोजलेलं होतं? पण मग लेखकांनीही गोष्ट तशीच सांगायला हवी होती. ‘कोणाला दिसलं नाही’ याच्यापेक्षा ‘दिसलं होतं, लिहिलं होतं, आणि तरी उलट नियम बनला’ ही जास्त खरी आणि जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट आहे.

दोष पोस्टेलच्या नियमावर टाकण्याबद्दलही माझं असंच मत आहे. देताना काटेकोर आणि घेताना उदार राहा, हे तत्त्व जॉन पोस्टेल यांनी १९८० च्या सुमारास टीसीपीच्या मानकात मांडलं. त्याच्यावर टीका करायची आता रीतच झाली आहे. २०२३ ची आरएफसी ९४१३ सगळी त्यावरच आहे. पण अनेक चाव्या आणि अनेक सह्या चालवून घेणं ही निव्वळ उदारता नव्हती. त्याशिवाय चालू डोमेनची चावी किंवा अल्गोरिदम बदलताच येत नाही. उदार असण्यात चूक नव्हती, त्याला आकडा नव्हता ही चूक. पेपरचं शीर्षक ‘जितका जास्त प्रयत्न, तितकं जास्त अपयश’ अशा अर्थाचं आहे, आणि ऐकायला ते फारच छान वाटतं. माझ्या मते निष्कर्ष त्या शीर्षकापेक्षा लहान आणि जास्त उपयोगी आहे.

आता पॅचकडे, पेपरच्या सर्वांत चांगल्या भागाकडे.

२ नोव्हेंबर २०२३ ला लेखकांनी निवडक डीएनएस तज्ज्ञ, ऑपरेटर आणि डेव्हलपर यांच्या बंद गटाला ही माहिती दिली. १३ फेब्रुवारी २०२४ ला सगळ्यांचे पॅच एकाच दिवशी बाहेर आले: बाइंड ९.१८.२४, अनबाउंड १.१९.१, पॉवरडीएनएस रिकर्सर ५.०.२, नॉट रिझॉल्व्हर ५.७.१, डीएनएसमास्क २.९०. मधले १०३ दिवस काय चाललं होतं हे वाचण्यासारखं आहे.

साधी चूक असती तर एक ओळ बदलून काम झालं असतं. इथे कोड मानकाप्रमाणे अगदी बरोबर वागत होता. पॅच करायचा म्हणजे तो ‘मस्ट’ मोडायचा. प्रश्न फक्त किती मोडायचा, एवढाच. पहिली कल्पना अशी की एकाच टॅगच्या चाव्या दिसल्या की सरळ नकार द्यायचा. पण टॅग १६ बिटांचा आहे. एखाद्या प्रामाणिक डोमेनच्या चार चाव्या असतील तर जोड्या सहा, म्हणजे टक्कर होण्याची शक्यता ढोबळमानाने ११ हजारांत एक. एका डोमेनपुरती ही शक्यता नगण्य आहे. डीएनएससेक लावलेली लाखो डोमेन धरली तर शेकडोंना ती भोवू शकते, आणि ती डोमेन काही चूक नसताना बंद पडतील. म्हणून शून्य नाही, थोड्या टकरी चालवून घ्यायच्या. मग फसलेल्या पडताळण्यांना कमाल मर्यादा घालायची ठरली. लेखकांनी ती ओलांडायची वाट शोधली. पडताळण्या फसल्याच नाहीत तर? सगळ्या सह्या खऱ्याच ठेवायच्या, पण एका नावाखाली ढीगभर वेगवेगळ्या नोंदी भरायच्या आणि ‘एनी’ प्रकारच्या प्रश्नाने त्या सगळ्या एकदम मागायच्या. फसल्याचा आकडा शून्यावरच राहतो आणि सीपीयू तरीही अडकतो. मग यशस्वी असो वा अयशस्वी, एकूण पडताळण्यांवरच मर्यादा आली. सगळ्या प्रकारांना पुरा पडणारा पहिला पॅच अकामाईचा होता असं लेखक नोंदवतात.

अनबाउंडने याला एक वेगळी जोड दिली, आणि ती मला जास्त आवडते. काही पडताळण्या झाल्या की तो प्रश्न बाजूला ठेवायचा, बाकीच्यांना उत्तरं द्यायची आणि मग परत यायचं. फार वेळा परत यावं लागलं तर सोडून द्यायचं. सरकारी कार्यालयात खिडकीवरचा माणूस ‘तुमचे कागद बघतो, जरा बाजूला थांबा’ म्हणतो ना, तसं. यात हल्ला थांबत नाही, पण मागची रांग चालू राहते. सेवा ठप्प पाडणाऱ्या हल्ल्यात शेवटी रांगच महत्त्वाची असते.

पॅच आला, तो फोडला, पुन्हा आला, अशा या फेऱ्या पेपरमध्ये आहेत. हल्ला शोधणाऱ्यांनीच प्रत्येक दुरुस्ती फोडून पाहिली, आणि ते नसते तर १३ फेब्रुवारीला अर्धवट पॅच बाहेर पडला असता असं मला वाटतं. फ्रँकफर्ट आणि डार्मश्टाटच्या या गटाचं खरं श्रेय मी इथे देईन. सुरक्षेवरचे बरेच पेपर ‘आम्ही कळवलं, त्यांनी दुरुस्त केलं’ एवढ्या एका ओळीत हा भाग उरकतात.

याच काळात आयएससीच्या पेत्र श्पाचेक यांना शेजारचीच एक अडचण दिसली, ‘अमुक नाव अस्तित्वात नाही’ हे सिद्ध करणाऱ्या एनएसईसी३ मध्ये. तिचा क्रमांक सीव्हीई-२०२३-५०८६८, कीट्रॅपचा ५०३८७, आणि दोन्हींचे पॅच त्याच दिवशी आले. बातम्यांत मात्र नाव एकाचंच झालं. दुसरीला नाव ठेवलेलं नव्हतं, लोगो तर दूरच. एनएसईसी३ चा हिशोबही तोच आहे. हॅशच्या आवर्तनांना मानकात २,५०० पर्यंत मुभा होती, आणि २०२२ मध्ये आरएफसी ९२७६ ने ती शून्य ठेवा असं सांगितलं.

एक गोष्ट मला पेपरमध्ये हवी होती आणि नीट मिळाली नाही. या मर्यादांचे आकडे कुठून आले? किती टकरी, किती फसलेल्या पडताळण्या, एकूण किती? प्रत्येक सॉफ्टवेअरचा आकडा वेगळा आहे. म्हणजे एखादं विचित्र पण प्रामाणिक डोमेन एका रिझॉल्व्हरवर चालेल आणि दुसऱ्यावर बोगस ठरेल, आणि त्याच्या मालकाला कुठल्याही मानकात कारण सापडणार नाही, कारण मानकात अजून ‘प्रत्येक चावी लावून बघा’ हेच लिहिलंय. पूर्ण उपायासाठी डीएनएससेकच्या डिझाइनचा मुळातून फेरविचार हवा असं लेखक म्हणतात आणि थांबतात. ते दिशादर्शक वाक्य आहे, त्याला उपाय म्हणता येणार नाही. विषय शोधत असाल तर इथे खरी जागा आहे. खऱ्या डोमेनचा डेटा घेऊन मर्यादा कुठे ठेवली तर किती प्रामाणिक डोमेन तुटतात आणि हल्लेखोराच्या हातात किती काम उरतं, याचा आलेख काढता येईल. त्याला मोठी लॅब लागत नाही. जुनं बाइंड चालवून बघायचं असेल तर मात्र बाहेरच्या नेटवर्कला न जोडलेल्या मशीनवरच. कॉलेजच्या रिझॉल्व्हरवर अजिबात नाही.

पेपर परिषदेत आला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये, सॉल्ट लेक सिटीला, एसीएम सीसीएसमध्ये. त्याच्या तीन महिने आधी, जुलै २०२४ मध्ये, बाइंडने आणखी एक सुरक्षा आवृत्ती काढली होती, ९.१८.२८. एका नावाखाली खूप नोंदी भरल्या की बाइंड मंदावतो, म्हणून एका प्रकारच्या नोंदींना १०० ची मर्यादा आली. आणि सिग(०) नावाच्या सहीच्या एका जुन्या प्रकारातून सीपीयू खाता येत होता. तिथे त्यांनी मर्यादा वगैरे घातली नाही, ती सोयच काढून टाकली. ज्यांच्या झोनमध्ये १०० हून अधिक नोंदी प्रामाणिकपणे होत्या त्यांना ती मर्यादा कॉन्फिगरेशनमध्ये स्वतः वाढवून घ्यावी लागते.